२.० टीएफएसआय सेडान: रीमॅपच्या आधी बदलायचे कच्चे भाग

फोक्सवॅगन गटाचं ईए११३ मालिकेतलं २.० टीएफएसआय इंजिन २००४ पासून गाड्यांमध्ये बसू लागलं. पाचव्या पिढीची जेट्टा, दुसऱ्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस, बी६ पसाट, बी७ ऑडी ए४ या सगळ्यांत तेच आहे. मूळ आकडे २०० पीएस आणि २८० न्यूटन-मीटर, आणि हा टॉर्क १८०० आरपीएमपासून ५००० पर्यंत जवळपास सपाट मिळतो. याच इंजिनाच्या के०४ टर्बोवाल्या आवृत्तीने ऑडी एस३ मध्ये २६५ पीएस आणि ३५० न्यूटन-मीटर दिले. तो आकडा बघून अनेकांना वाटतं की साध्या, लहान के०३ टर्बोच्या गाडीत नुसतं इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललं, म्हणजे रीमॅप केला, की काम झालं. पण एस३ साठी कारखान्याने टर्बोबरोबर पिस्टन, कनेक्टिंग रॉड, इंजेक्टर आणि इंटरकूलरही बदलले होते.

इंजिनाचा गाभा मजबूत आहे. ब्लॉक कास्ट आयर्नचा आहे आणि माफक रीमॅपचा ताण तो सहसा सहज सोसतो. दगा देतात ते त्याच्या भोवतीचे छोटे भाग: तळहातावर मावणारा फॉलोअर (कॅमशाफ्ट आणि इंधन पंप यांच्यामधली स्टीलची वाटी), रबराचा पातळ पडदा, कडक झालेलं सील. मूळ पॉवरवरही ते झिजतात, बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) वाढवला की लवकर झिजतात. म्हणून आधी हे भाग, मग रीमॅप. उलट क्रमाने गेलात तर रीमॅपचा दोष कोणता आणि जुन्या भागाचा कोणता हे शोधण्यातच वेळ जातो.

पुढची माहिती आडव्या बसवलेल्या इंजिनासाठी, म्हणजे जेट्टा, ऑक्टाव्हिया, पसाटसाठी आहे. ए४ मध्ये इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं. तिथे फॉलोअरची गोष्ट तीच आहे, पण हात घालायच्या जागा वेगळ्या.

आधी इंजिन ओळखा, मग लॉग घ्या

एएक्सएक्स, बीडब्ल्यूए, बीपीवाय हे कोड ईए११३ चे. सीसीटीए किंवा सीबीएफए कोड असेल तर ते पुढचं ईए८८८ इंजिन आहे, आणि त्याचे कच्चे भाग वेगळे आहेत. तिथे टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे आणि खरी काळजी चेन टेन्शनरची करायची असते. कोड सर्व्हिस बुकातल्या स्टिकरवर आणि टायमिंग कव्हरवरच्या लेबलवर मिळतो. पार्ट मागवण्याआधी हा कोड लिहून ठेवा, कारण दोन्ही इंजिनांना लोक सरसकट 'टू पॉइंट झीरो टर्बो' म्हणतात आणि चुकीचे पार्ट येतात.

लॉगसाठी, म्हणजे इंजिन चालू असतानाचे आकडे नोंदवण्यासाठी, व्हीसीडीएस किंवा तसंच मेजरिंग ब्लॉक (इंजिन कॉम्प्युटरमधले आकड्यांचे क्रमांकित गट) वाचणारं साधन हवं. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आधी आयडलवर ब्लॉक ०३२ बघा. त्यात फ्युएल ट्रिमचे (कॉम्प्युटर इंधन किती कमी-जास्त करतोय त्याचे) दोन आकडे असतात, एक आयडलचा आणि एक पार्ट लोडचा. दोन्ही पाच टक्क्यांच्या आत असले तर उत्तम. आयडलचा आकडा अधिककडे सरकला असेल तर मॅनिफोल्डमध्ये न मोजलेली हवा शिरते आहे, आणि या इंजिनात पहिला संशय पीसीव्ही व्हॉल्व्हवर (क्रँककेसमधली वाफ बाहेर नेणाऱ्या झडपेवर) घ्यायचा.

मग बंद ट्रॅकवर किंवा डायनोवर (जागेवरच पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर) तिसऱ्या गिअरमध्ये २००० पासून ६५०० आरपीएमपर्यंत पूर्ण थ्रॉटल द्या आणि दोन ब्लॉक नोंदवा. ११५ मध्ये मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष बूस्ट शेजारी शेजारी दिसतात. ०२० मध्ये चारही सिलिंडरचं इग्निशन किती मागे खेचलं गेलं ते अंशांत दिसतं. तीन अंशांपर्यंत चालतं. सहाच्या वर आणि तेही एकापेक्षा जास्त सिलिंडरवर वारंवार दिसत असेल तर इंजिन नॉक होतंय, म्हणजे मिश्रण अनियंत्रितपणे पेटतंय. पेट्रोल हलकं आहे, हवा तापते आहे किंवा व्हॉल्व्हवर कार्बन आहे. रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीतला दाब, तोही त्याच वेळी नोंदवा. मूळ सेटिंगवर हाय प्रेशर पंप रेलमध्ये ११० बारपर्यंत दाब ठेवतो. वरच्या आरपीएमला हा दाब मागणीखाली घसरत असेल तर रीमॅपचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तिथे इंधन कमी पडतं आणि मिश्रण पातळ होतं.

ही फाइल जपून ठेवा. पुढे प्रत्येक भाग बदलल्यावर याच गिअरमध्ये, याच आरपीएमला पुन्हा लॉग घेऊन तुलना करायची आहे.

कॅम फॉलोअर: सगळ्यात आधी

हाय प्रेशर पंप सिलिंडर हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला बसतो. इनटेक कॅमशाफ्टच्या टोकावर तीन उंचवट्यांचा लोब आहे. तो फिरताना पंपाचा प्लंजर (दांडा) आत ढकलतो. लोब आणि प्लंजर यांच्यामध्ये वाटीच्या आकाराचा छोटा स्टीलचा भाग आहे, तोच फॉलोअर. यात रोलर नाही. लोब त्याच्या सपाट तोंडावर घासतच फिरतो, आणि दाब जितका जास्त तितकं घासणं जास्त. तोंडावर काळं कठीण कोटिंग असतं. ते गेलं की खालचं स्टील झपाट्याने खाल्लं जातं. शेवटी वाटीला भोक पडतं आणि लोब थेट पंपाच्या प्लंजरवर आदळू लागतो. तोवर पंप आणि कॅमशाफ्ट दोन्ही गेलेले असतात. एका लहान भागाचं काम दोन महागड्या भागांवर जातं. इंधन दाबाचा पी००८७ किंवा पी२२९३ फॉल्ट कोड आला आणि गाडी लिंप मोडमध्ये (पॉवर कमी करून चालणाऱ्या बचाव स्थितीत) गेली तर दुसरं काहीही तपासण्याआधी फॉलोअर बघा.

मूळ पॉवरवर दर १५,००० किमीला तो काढून बघावा. मोठा हाय प्रेशर पंप बसवला असेल तर प्रत्येक ऑइल बदलीला, फार तर ८,००० किमीला. नवीन फॉलोअर हातात ठेवूनच काम सुरू करा. पार्ट क्रमांक ०६डी १०९ ३०९ सी, सोबत पंपाची नवी ओ-रिंग.

काम असं करायचं:

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, मग इंजिन सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. रेलमधला दाब उतरतो. काम संपेपर्यंत फ्यूज परत लावू नका. या गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडलं की टाकीतला पंप क्षणभर चालतो, आणि तुमची पाइप मोकळी असेल तर पेट्रोल बाहेर उडतं.

२. इंजिन कव्हर काढा. पंपावरचा इलेक्ट्रिक कनेक्टर सोडवा. दोन्ही पाइपांच्या नटांभोवती जाड कापड गुंडाळा आणि नटाला नीट बसणाऱ्या लाइन पान्याने सावकाश ढिले करा. जवळपास ठिणगी, बल्ब, सिगारेट काहीही नको. डोळ्यांवर चष्मा हवाच.

३. पंप तीन बोल्टवर आहे, टी३० टॉर्क्स. हे बोल्ट एकेक पूर्ण काढू नका. तिन्ही अर्धा-अर्धा फेरा आळीपाळीने सोडवा. आत स्प्रिंग दाबलेली असते, त्यामुळे पंप एका बाजूने उचलला गेला तर प्लंजर वाकडा होतो. बोल्ट ढिले होताना पंप जोरात बाहेर येत असेल तर लोबचा उंचवटा वर आहे. मॅन्युअल गाडी वरच्या गिअरमध्ये थोडी पुढे ढकलली की लोब खाली येतो.

४. पंप सरळ ओढून काढा. फॉलोअर बहुधा भोकातच राहतो. चुंबकाने किंवा बोटाने बाहेर घ्या.

५. तोंड पुसून उजेडात बघा. कोटिंग सलग काळं असेल तर ठीक. मध्यभागी चकचकीत ठिपका किंवा वर्तुळ दिसलं, नख फिरवल्यावर कड लागली किंवा तोंड खोलगट झालं असेल तर बदला. कोटिंग अर्धवट गेलेला फॉलोअर परत घालू नका, तो पुढच्या तपासणीपर्यंत टिकेल याची खात्री नसते.

६. भोकातून टॉर्च मारून लोब बघा. तिन्ही उंचवट्यांच्या कडा गोलसर आणि गुळगुळीत हव्यात. कड धारदार झाली असेल किंवा पृष्ठभागावर खड्डे असतील तर नवा फॉलोअर काही हजार किलोमीटरमध्येच खाल्ला जाईल. तिथे कॅमशाफ्ट बदलण्याला पर्याय नाही.

७. नव्या फॉलोअरला इंजिन ऑइल चोपडा. बंद, कोटिंग असलेलं तोंड लोबकडे आणि उघडी बाजू पंपाकडे, म्हणजे प्लंजर वाटीत बसतो. पंपाला नवी ओ-रिंग लावा आणि लोबचा खालचा भाग पंपासमोर आहे याची खात्री करून पंप हाताने दाबून बसवा. तीन बोल्ट पुन्हा आळीपाळीने आवळा आणि शेवटी १० न्यूटन-मीटरवर टॉर्क करा.

८. पाइप हाताने धाग्यावर बसवा, मग पान्याने आवळा. फ्यूज लावा, दार दोनतीनदा उघडून दाब भरू द्या, इंजिन सुरू करा आणि प्रत्येक जोडाभोवती कोरडा कागद फिरवा. ओलसर डाग दिसला तर लगेच बंद करा.

ऑइल व्हीडब्ल्यू ५०२.०० मान्यतेचं ५डब्ल्यू-४० वापरा आणि १०,००० किमीच्या पुढे ताणू नका. लांब पल्ल्याच्या सर्व्हिस इंटरव्हलवर चालवलेल्या गाड्यांचे फॉलोअर आणि लोब वाईट स्थितीत असण्याची शक्यता जास्त. जुनं, पेट्रोल मिसळलेलं ऑइल त्या घासणाऱ्या तोंडावर थर धरत नाही.

पीसीव्ही व्हॉल्व्ह

कॅम कव्हरच्या वर बसलेला हा प्लास्टिकचा डबा क्रँककेसमधली वाफ एका बाजूने मॅनिफोल्डकडे आणि दुसऱ्या बाजूने टर्बोच्या तोंडाकडे पाठवतो. आतल्या एकमार्गी झडपा आणि रबरी पडदा उष्णतेने फाटतात. मॅनिफोल्डकडची झडप गेली की बूस्ट उलटा क्रँककेसमध्ये शिरतो. तो दाब कुठून तरी बाहेर पडणारच, आणि तो सीलमधून पडतो. आधी कॅम सील पाझरतं, मग गिअरबॉक्सकडचं मागचं क्रँक सील. मागचं सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पुढच्या सीलचं ऑइल टायमिंग बेल्टवर पडलं तर बेल्ट वेळेआधीच जातो. पीसीव्ही बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे, त्यामुळे रीमॅप करणार असाल तर जुना व्हॉल्व्ह चांगला दिसला तरी बदला.

तपासणी सोपी आहे. गरम इंजिन आयडलवर असताना ऑइल फिलरचं झाकण उचला. हलकी ओढ जाणवायला हवी आणि आयडल थोडं बदलायला हवं. झाकण जोरात चिकटून बसलं असेल, उचलताना शिटीसारखा आवाज येत असेल तर पडदा फाटलाय. उलट बाहेर फुंकर येत असेल तर वाट बंद पडलीय किंवा ब्लो-बाय (पिस्टनशेजारून क्रँककेसमध्ये निसटणारा वायू) जास्त आहे. तशा वेळी कम्प्रेशन टेस्ट करून घ्या.

बाजारात मॅनिफोल्डकडची वाट बंद करणारी प्लेट मिळते आणि ती स्वस्त पडते. त्याने बूस्ट उलटा शिरत नाही हे खरं, पण आयडल आणि हलक्या थ्रॉटलवर क्रँककेस ओढून घेणारी वाटही बंद होते आणि ऑइलमध्ये पाणी व पेट्रोल साचत राहतं. रोज चालणाऱ्या गाडीत नव्या आवृत्तीचा मूळ पीसीव्ही हाच योग्य पर्याय आहे. कॅच कॅन (वाफेतलं ऑइल साठवणारा डबा) ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीसाठी ठेवा, आणि तोही ठरलेल्या वेळी रिकामा करणार असाल तरच.

डायव्हर्टर व्हॉल्व्ह आणि बूस्टच्या गळत्या

थ्रॉटल सोडला की साचलेला बूस्ट परत टर्बोच्या तोंडाकडे वळवणारा हा व्हॉल्व्ह टर्बोच्या कम्प्रेसरला खालून चिकटलेला आहे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत रबरी पडदा होता. तो कडेने फाटतो आणि बूस्ट सतत थोडा थोडा वळत राहतो. लक्षणं अशी: ब्लॉक ११५ मध्ये प्रत्यक्ष बूस्ट मागणीपेक्षा सतत १०० मिलिबार किंवा जास्त कमी, टर्बो उशिरा जागा होणं, आणि पुढे पी०२९९ कोड.

गाडी स्टँडवर घेऊन खालचं प्लास्टिक कव्हर काढा. तीन बोल्ट आहेत, ५ मिमी अ‍ॅलन कीने सुटतात. जागा अरुंद आहे, त्यामुळे आखूड की आणि संयम लागतो. बोल्टची डोकी मातीने भरलेली असतात. आधी ती टोकदार वस्तूने साफ करा, नाहीतर की घसरून डोकं गोल होतं आणि अर्ध्या तासाचं काम दिवसभराचं होतं. व्हॉल्व्ह काढल्यावर पडद्याची कड बोटाने ताणून बघा. बदली म्हणून ०६एच १४५ ७१० डी ही पिस्टनवाली आवृत्ती घ्या. पडदाच नसल्याने फाटायला काही उरत नाही. तिचा पिस्टन ऑइलने माखला की अडकतो, म्हणून पीसीव्हीचं काम याच्या आधी उरकलेलं असावं.

याच बैठकीत बूस्टचे पाइप तपासा. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून थ्रॉटल बॉडीपर्यंतचे जोड स्प्रिंग क्लिप आणि रबरी सील यांवर आहेत. सील वर्षानुवर्षं उष्णतेत राहून कडक होतात, आणि मूळ बूस्टवर न गळणारा जोड वाढलेल्या बूस्टवर गळतो किंवा सुटूनच जातो. सगळी सील एकदाच नवी घाला, कोरडी न घालता किंचित सिलिकॉन ग्रीस लावून. क्लिप बसल्याचा 'टक' आवाज येतो. त्यानंतर पाइप ओढून बघा, कारण अर्धवट बसलेली क्लिपही बाहेरून बसल्यासारखीच दिसते.

गळती शोधायला हवेच्या दाबाची चाचणी करतात. टर्बोच्या तोंडावर बूच लावून रेग्युलेटरने सावकाश हवा सोडा. १ बारच्या पुढे जाऊ नका. त्याआधी पीसीव्हीकडून टर्बोच्या तोंडाला येणारी नळी काढून दोन्ही बाजू बंद करा, नाहीतर तुम्ही स्वतःच क्रँककेस फुगवून सील उडवाल. जोडांवर साबणाचं पाणी फवारा. उघड्या व्हॉल्व्हमधून थोडी हवा सायलेन्सरकडे जाणारच. तो आवाज गळतीचा समजू नका, क्रँक थोडी फिरवली की तो कमी होतो.

कॉइल आणि स्पार्क प्लग

बूस्ट वाढला की प्लगच्या टोकाभोवती दाब वाढतो आणि ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. जुनी कॉइल तिथेच हरते. वरच्या आरपीएमला गाडी खोकल्यासारखी अडखळते आणि मिसफायरचे आकडे ब्लॉक ०१४ ते ०१६ मध्ये चढतात. ऑडी आर८ ची लाल कॉइल, ०६ई ९०५ ११५ ई, या इंजिनात सरळ बसते. चारही एकदम बदला. कनेक्टरची प्लास्टिक कडी उष्णतेने ठिसूळ झालेली असते, थंड इंजिनावर ती सहज तुटते. इंजिन कोमट असताना काढलेलं बरं. कॉइल वर ओढायला पुलर वापरा, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका.

प्लग मूळपेक्षा एक पायरी थंड हवेत. एनजीकेचा पीएफआर७एस८ईजी टिकाऊ आहे. तांब्याच्या गाभ्याचा बीकेआर७ई स्वस्त आणि चांगला, पण लवकर बदलावा लागतो. रीमॅप केलेल्या गाडीत गॅप ०.७ मिमी ठेवा. जास्त गॅपने मिसफायर येतात, फार कमी केली तर आयडल खडबडीत होतं. धागे कोरडे ठेवून २५ ते ३० न्यूटन-मीटरवर आवळा. अँटी-सीझ लावू नका, त्याने टॉर्क रेंचचा आकडा फसवतो आणि प्लग गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

हाय प्रेशर पंप

नुसता रीमॅप, म्हणजे ज्याला स्टेज १ म्हणतात, तो चांगल्या स्थितीतल्या मूळ पंपावर चालतो. मोठ्या डाउनपाइपसाठी (टर्बोनंतरच्या एक्झॉस्ट पाइपासाठी) लिहिलेला किंवा के०४ टर्बोचा मॅप असेल तर मोठ्या प्लंजरचा पंप लागतोच. मूळ पंपाच्या बॉडीत नवे अंतर्भाग घालणारे किट मिळतात आणि पूर्ण पंपही मिळतात. किट घालायला हात स्वच्छ आणि जागा धूळमुक्त हवी. प्लंजर आणि त्याचा स्लीव्ह यांच्यातली फट इतकी बारीक असते की एक कण पुरेसा होतो. ती सवय नसेल तर पूर्ण पंप घ्या.

मोठ्या पंपाची स्प्रिंग आणि प्लंजरचं क्षेत्रफळ दोन्ही फॉलोअरवरचा भार वाढवतात. म्हणून नव्या पंपाबरोबर फॉलोअर नेहमी नवाच. आणि मॅप त्या पंपासाठी लिहिलेला हवा. जास्त क्षमतेचा पंप जुन्या मॅपवर लावून काही मिळत नाही.

कॅटॅलिस्ट काढलेला डाउनपाइप बहुतेक देशांत रस्त्यावर बेकायदा आहे. जास्त प्रवाहाचा कॅटॅलिस्ट असलेलाच घ्या. पॉवरमधला फरक थोडा आहे.

इंटरकूलर आणि व्हॉल्व्हवरचा कार्बन

मूळ इंटरकूलर एखाद्या धावेला पुरतो. लागोपाठ तीन-चार वेळा पूर्ण थ्रॉटल दिला की आत येणाऱ्या हवेचं तापमान प्रत्येक धावेला वर सरकतं आणि ब्लॉक ०२० मधले आकडे त्यामागोमाग वाढतात. लॉगमध्ये हे दोन्ही एकत्र दिसत असतील तरच इंटरकूलरवर खर्च करा. तो घेताना नुसती लांबी-रुंदी बघू नका. जाडी फार असेल तर मागच्या रेडिएटरची हवा अडते.

इंधन थेट सिलिंडरमध्ये जात असल्याने इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने कधीच धुतले जात नाहीत. पीसीव्हीची ऑइलमिश्रित वाफ त्यांच्यावर भाजली जाते. टाकीत ओतायचं क्लीनर तिथे पोहोचतच नाही, त्यामुळे ते विकत घेऊ नका. मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीने ब्लास्टिंग करणं हाच खात्रीचा उपाय. ८०,००० ते १,००,००० किमी झाले असतील तर रीमॅपच्या आधी करा. ज्या सिलिंडरवर काम चालू आहे त्याचे दोन्ही इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद असल्याची खात्री प्रत्येक वेळी करा, नाहीतर भुकटी सिलिंडरमध्ये जाते. मॅनिफोल्ड काढताना इंजेक्टर कधीकधी रेलसोबत बाहेर येतात. बाहेर आलेल्या प्रत्येक इंजेक्टरचं टेफ्लॉन सील बदलावंच लागतं, आणि ते बसवायला शंकूसारखा खास स्लीव्ह लागतो. बोटाने ताणलेलं सील गळतं.

टायमिंग बेल्ट

याला अपग्रेड म्हणत नाहीत, पण वापरलेली गाडी घेतली असेल आणि बेल्टची नोंद नसेल तर बाकी सगळं थांबवून हे करा. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बेल्ट, टेन्शनर, रोलर आणि वॉटर पंप एकत्र बदला. वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो. बेल्ट फक्त एक्झॉस्ट कॅम फिरवतो, तिथून इनटेक कॅम एका लहान चेनवर चालतो. थंड सुरुवातीला हेडच्या या चेनकडच्या टोकाकडून खडखड येत असेल तर चेनचा टेन्शनरही तपासून घ्या.

क्लच, डीएसजी आणि माउंट

सहा गिअरचा डीक्यू२५० डीएसजी (दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) मूळ ३५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे. साधा स्टेज १ मॅपही त्या रेषेजवळ जातो. त्यामुळे गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर दर ६०,००० किमीला बदलणं सक्तीचं समजा. रीमॅप केलेल्या गाडीत ४०,००० ला करा. जी ०५२ १८२ मान्यतेचं ऑइल, बदलीला सव्वापाच ते साडेपाच लिटर लागतं. लेव्हल तपासताना गाडी समतल, इंजिन आयडलवर आणि ऑइल ३५ ते ४५ अंश सेल्सियस हवं. ड्रेनच्या भोकातल्या ओव्हरफ्लो नळीतून थेंब थेंब गळू लागलं की लेव्हल बरोबर. ऑइल जास्त गरम असताना लेव्हल लावली तर थंड झाल्यावर ते कमी भरतं, आणि क्लच तिथेच जळायला लागतो.

मॅन्युअलमध्ये आधी क्लच बोलतो. सहाव्या गिअरमध्ये २००० आरपीएमवर पूर्ण थ्रॉटल द्या. वेग तसाच राहून आरपीएम उडी मारत असेल तर प्लेट घसरते आहे. ती बदलताना ड्युअल मास फ्लायव्हीलचा ढिलेपणा मोजून घ्या. गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवण्यापेक्षा एकदाच ठरवा. सिंगल मास फ्लायव्हील टिकतं, पण आयडलला खडखडतं, आणि रोजच्या गाडीत तो आवाज बहुतेकांना नकोसा होतो.

खालच्या टॉर्क माउंटचं रबर फाटलेलं असेल तर पॉलीयुरेथेन इन्सर्ट घाला. मऊ ग्रेडचं पुरे. कडक ग्रेडने स्टिअरिंगपर्यंत कंपन येतं.

ब्रेक

पॉवर वाढवण्याआधी ब्रेक बघा. ऑक्टाव्हिया आरएसला पुढे ३१२ मिमी डिस्क आहे. रोजच्या वापराला हा आकार पुरतो. कमी पडतात ते जुनं फ्लुइड, फुगलेले रबरी होज आणि साधे पॅड. चांगलं डॉट ४ फ्लुइड दर दोन वर्षांनी, स्टीलच्या जाळीचे होज आणि एक दर्जा वरचे पॅड, एवढ्याने पेडल घट्ट होतं. त्यापुढे ट्रॅकवर जायचं असेल तर याच प्लॅटफॉर्मच्या वरच्या गाड्यांची ३४५ बाय ३० मिमी डिस्क, कॅलिपर आणि कॅरिअर बसतात. त्यासाठी १८ इंची चाकं ठेवा. पॅड बदलल्यावर १०० वरून ३० च्या वेगापर्यंत आठ-दहा मध्यम ब्रेक लावा, पूर्ण थांबू नका आणि शेवटी काही किलोमीटर ब्रेक न लावता चालवा. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं की त्या जागी थर चिकटतो आणि पेडल थरथरतं. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटर, आणि १०० किमीनंतर पुन्हा एकदा.

रीमॅपनंतर

मॅप तुम्ही नेहमी भरता त्या ऑक्टेनसाठीच लिहून घ्या. ९८ चा मॅप लावून ९५ भरलं तर इंजिन सतत इग्निशन मागे खेचत राहतं आणि पॉवर मूळपेक्षा फारशी वेगळी उरत नाही. पहिल्या दिवशीच आधीसारखा लॉग घ्या आणि जुन्या फाइलशेजारी ठेवा: बूस्ट मागणीला धरून चालतोय का, रेल प्रेशर ६५०० पर्यंत टिकतंय का, ०२० मधले आकडे तीनच्या आत आहेत का. तिन्हींपैकी एकही बिघडलेला असेल तर फाइल मॅप लिहिणाऱ्याकडे पाठवा आणि तोपर्यंत पूर्ण थ्रॉटल देऊ नका.

५०० किमीला बूस्टच्या सगळ्या क्लिप पुन्हा ओढून बघा आणि कॅम सीलच्या खाली ओलावा आहे का ते पुसून तपासा. फॉलोअर पहिल्यांदा ५,००० किमीला उघडा. कोटिंग शाबूत असेल तर पुढचं अंतर ८,००० करा. मधोमध ठिपका दिसला तर नवा घाला, लोब नीट तपासा आणि अंतर ५,००० वरच ठेवा.